एक गाडी, बारा वेळा

सुकलाल नाना मला पहिल्यांदा दिसले ते पायांकडून. जळगावहून माझं सामान घेऊन आलेली पिकअप नव्या भाड्याच्या घरासमोर उभी होती, ड्रायव्हर कपाट उतरवायला माणसं शोधायला गेला होता, आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. मी किंचाळणार इतक्यात खालून शांत आवाज आला, "मॅडम, गाडी भाडानी शे का घरनी?"

"भाड्याची."

"मंग ठीक. घरनी ऱ्हाती ते माले रडू येतं."

मग पायांमागून बाकीचे नाना बाहेर आले. पन्नास-पंचावन्न किलोचा ऐवज, पांढरी टोपी, पायजम्याला वंगणाचे डाग आणि डोळ्यांत निकाल देऊन मोकळ्या झालेल्या न्यायाधीशाचं समाधान. नाव-गाव विचारणं त्यांच्या रीतीत नव्हतं. त्यांनी सांगितलं ते एवढंच: "यानी पळ वाढाडेल शे आन वढ मारी टाकेल शे. मालकले माहीत बी नही." आणि समोरच्या घरात निघून गेले. त्या घरातून इंदूअक्का, त्यांची बायको, माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी मनवर नका ल्या. त्या मानूसले नही, गाडीले रामराम करतस."

धुळे-जळगाव रस्त्यापासून आत, पारोळ्याच्या बाजूला हे गाव. मी तिथल्या हायस्कूलला विज्ञान शिकवायला आले होते आणि समोर राहत होते नाना. तीस वर्षं धुळ्याला हायवेवरच्या गॅरेजात घालवून ते गावी परतले होते. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं: आपल्या गाडीच्या क्राऊनचे दात किती हे ठाऊक असलेली, आणि बाकीची. बाकीच्यांत आमदार, डॉक्टर, आमचे मुख्याध्यापक आणि मी, असे सगळे एकाच रांगेत बसायचो.

क्राऊनचं प्रकरण मला समजून घ्यावंच लागलं, नाहीतर गल्लीत राहणं अवघड होतं. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो. त्याच्या आत दातांची मोठी चकती, ती क्राऊन. तिला फिरवणारं छोटं दातेरी चाक, ते पिनियन. मोठं एकदा फिरायला छोट्याला किती वेळा फिरावं लागतं, त्या आकड्यावर सगळा खेळ. आकडा मोठा, तर गाडी ओझं ओढते पण पळत नाही. आकडा लहान, तर रिकामी छान पळते आणि चढावर भरलेली असली की रडते. मला हे फळ्यावर दहा मिनिटांत मांडता आलं असतं. नानांनी ओट्यावर बसून दोन वाक्यांत मांडलं.

"घरमा मी एकदाव उठस, तवपर्यंत हाई पाचदाव उठेल ऱ्हास. घर वढस तो आकडा हाऊ."

आतून अक्का म्हणाली, "मंग आज तुमी पाचदाव उठा. मी क्राऊन व्हस."

नाना उठले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी वर्गात हेच उदाहरण दिलं आणि माझ्या नोकरीत पहिल्यांदाच मागच्या बाकावरच्या मुलींनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

गावात पिकअप घ्यायची म्हणजे नानांकडे जाणं आलं. नवी गाडी, जुनी गाडी, पेट्रोल की डिझेल, कांदा वाहायची की बकऱ्या, सगळी मंडळी ओट्यावर यायची. लोकांना एका शब्दात उत्तर हवं असायचं. नाना उलट चार प्रश्न विचारायचे: रोज किती पळणार? कुठे? भरलेली की रिकामी? आणि मागे काय जोडणार? चौथ्या प्रश्नापर्यंत समोरच्याने स्टिकरवर कोणाचा फोटो लावायचा ते ठरवलेलं असायचं. कोणी म्हणालं की डिझेल म्हणजे बैल आणि पेट्रोल म्हणजे घोडा, तर नाना भडकायचे. "ना बैल, ना घोडा. दोन्ही लोखंड शेतस. डिझेल खालतीच, इंजन हळू फिरस तवयच जोर देस, पेट्रोलले जरा फिरावनं पडस. मांगे दात बरोबर ऱ्हायना ते पेट्रोल बी टँकर वढी ली." ऐकणारा मान डोलवायचा, आणि आठ दिवसांनी ज्या गाडीत मोठे स्पीकर फुकट मिळतील ती घेऊन यायचा. पेढा मात्र पहिला नानांनाच.

एकदा अक्काच्या भाचीला बघायला मुलगा आला. मुलाची स्वतःची पिकअप होती, त्यामुळे स्थळ चांगलं समजलं जात होतं. पोहे झाले, शिक्षण झालं, शेती झाली. मग वडीलधारे म्हणून नानांना विचारलं, तुमचं काही? नाना म्हणाले, "गाडीना क्राऊन कितलाना शे?" मुलगा बापाकडे बघायला लागला. बाप भिंतीकडे. नानांनी निकाल दिला: "ज्याले आपली गाडीनं पोट माहीत नही, त्याले बायको काय समजाव शे?" स्थळ मोडलं नाही, कारण अक्काने नानांना गुरं बघायला पाठवून दिलं. मुलगा मात्र शहाणा निघाला. लग्नाआधी तो गॅरेजात जाऊन दात मोजून आला आणि आहेरासोबत नानांच्या हातात चिठ्ठी ठेवली: एक्केचाळीस-आठ. ती चिठ्ठी नानांच्या खिशात बरेच दिवस होती.

गावात दोन पुढारी होते. सरपंच भास्करआबा, यांची डिझेल. त्यांचे विरोधक विलासभाऊ, यांची पेट्रोल. आबांनी डिझेल घेतली म्हणून भाऊंनी पेट्रोल घेतली, यापलीकडे त्या निवडीत तांत्रिक मुद्दा नव्हता. पण बघता बघता अर्धं गाव डिझेल झालं आणि अर्धं पेट्रोल. ज्यांच्याकडे सायकल होती तेसुद्धा इंधनावर तावातावाने बोलायचे.

एका उन्हाळ्यात पाण्याचा टँकर नाल्याच्या वाळूत रुतला. आधी आबांची डिझेल जोडली. ती नुसती डरकाळ्या फोडत जागच्या जागी वाळू उकरत बसली. मग भाऊंची पेट्रोल आली, तिने तोच खड्डा जरा बारीक आवाजात वाढवला. दोन्हीकडचे समर्थक बाह्या सरसावू लागले. घरोघरी हंडे रिकामे, आणि नाल्याच्या काठावर हा समारंभ. नाना सावलीत बसून बघत होते. शेवटी अक्काच ओरडली, "सांगा ना आते, गाव पानीबिगर मरी ऱ्हायनं!" तेव्हा ते उठले.

"मांगला चाकवर वजन नही. इंजन काय हवामा वढी?"

त्यांनी काठावरचे तीस प्रेक्षक हाताला धरधरून डिझेलच्या मागच्या हौद्यात चढवले. तीस माणसांचं ओझं चाकांवर बसलं, चाकांनी जमीन धरली आणि टँकर मुकाट्याने वर आला. आबा म्हणाले, शेवटी डिझेलच. भाऊ म्हणाले, त्या तिसातले वीस जण माझ्या गटाचे होते. हौद्यातल्या वजनाबद्दल पुढे कोणी शब्द काढला नाही. पाणी आलं, हंडे भरले, वाद चालू राहिला.

आता खरी गोष्ट सांगते. हे दात मोजणारे नाना आमच्या गावाचे भगत होते.

खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्याकडे यात्रेला बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधायच्या, बैल नाहीत, प्रत्येक गाडीत माणसं मावतील तेवढी आणि न मावतील तेवढीही. पुढे कमरेला दोर बांधलेला एकटा भगत, त्याला आधार द्यायला दोन्ही बाजूंना बगले. "यळकोट यळकोट, जय मल्हार" झालं की तो त्या बाराही गाड्या खंडेरावाच्या देवळापर्यंत ओढत नेतो. मान घराण्याचा, त्याआधी सव्वा महिना कडक पथ्य. वाटेत गाड्या थांबल्या तर गावाचं वर्ष वाईट जातं, असं सगळे मानतात. नानांनी बापाच्या मागून, धुळ्याला असतानाही यात्रेला गावी येऊन, एकूण एकोणीस वर्षं त्या ओढल्या, गाड्या एकदाही थांबल्या नाहीत.

पहिल्या वर्षी मी तोंडात बोट घालून बघत राहिले. जो माणूस वर्षभर सांगतो की वजन, दात आणि चाक यांपलीकडे ओढीत काही नसतं, तो पिवळं नेसून, कपाळभर भंडारा लावून तीनशे माणसं ओढतोय! दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम दुपारीच गाड्यांकडे गेले. ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि नाना एकटे गाड्यांच्या रांगेत वाकून दोर सैल करत होते. चाकांना वंगण लावून झालं होतं. प्रत्येक दोन गाड्यांमधल्या दोराला ते वीतभर ढील देत होते.

मला बघून दचकले. मग बोलले, बहुधा मी विज्ञानाची म्हणून.

"भुसावळले मालगाडी निंघतांना देखी शे का मॅडम? इंजन पह्यले जरासं मांगे दबस. मंग पुढे जास. कडीमा ढील ऱ्हास ना. पह्यला डबा उठस, मंग दुसरा, मंग तिसरा. खडक, खडक, खडक. बठ्ठा डबा एकदम उठाडाले गये ते इंजनना बाप बी हालाव नही." दोराची गाठ आवळत ते हळूच म्हणाले, "मी बारा गाड्या कधीच नही वढ्यात. एकच गाडी वढी, बारा येळा."

"मग देव कुठे आला, नाना?"

"हाई अक्कल कोनी दिन्ही मंग?" आणि लगेच, "पन कोनले सांगू नका. लोके देवना पाया पडतस. दोरना कोन पडी?"

मी कोणाला सांगितलं नाही. खरं म्हणजे मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला होता.

चार वर्षांनी नानांचा गुडघा गेला. धुळ्याच्या डॉक्टरांनी ओझं ओढायला साफ मनाई केली. नानांनी गावाला निदान सांगितलं, "बेरिंग गयं." अक्काने मात्र खंडेरावाच्या देवळात नेऊन त्यांच्याकडून शपथ घेतली की कमरेला दोर बांधून रस्त्यावर उतरणार नाही. नानांचा मुलगा सुरतेला, त्याला सुट्टी नाही. गावातल्या तरुणांना विचारलं तर बरेच तयार झाले, पण सव्वा महिना मटण आणि दारू बंद म्हटल्यावर प्रत्येकाच्या पाठीत चमक भरली.

मग कमिटी बसली आणि ठरलं की यंदा बारागाड्या पिकअप ओढेल.

कोणाची, यावर आठवडा गेला. शेवटी तोडगा निघाला: आबांची डिझेल ओढेल आणि भाऊंची पेट्रोल पुढे स्पीकर घेऊन चालेल. डिझेलच्या हौद्यात देवाची पालखी ठेवायची, म्हणजे ओढणारा देवच झाला. नानांचा शाल-नारळ देऊन सत्कार. बैठकीत नानांनी एवढंच विचारलं, "गाड्या कश्या बांधशात?"

कमिटीतला एक तरुण उत्साहाने म्हणाला, "नाना, चिंता नका करा. यंदा दोर नही, लोखंडी साखळी. एकदम टाईट. एक बोट बी जागा ठेवाव नही."

घरी येताना मी म्हटलं, "नाना, सांगून टाका ना सगळं."

"काय सांगू? का मी नी मना बाप, आमी गावले इतला वरीस फसाडं?" ते थांबले, गुडघा चोळला. "आन नही सांगं ते गाड्या रस्तामा उभ्या ऱ्हातीन. गावनं वरीस वाया गयं म्हनतीन." त्यांचा इतका पडलेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

यात्रेच्या दिवशी स्टेज होतं, शाल होती आणि वर्षभर न दिसलेल्या पाहुण्यांची भाषणं होती. नाना खुर्चीवर बसले होते, शेजारच्या बायकांत अक्का. खाली डिझेल झेंडूने मढवलेली. हौद्यात फक्त पालखी, कारण देवाच्या बरोबरीने उभं राहायची छाती कोणाची? मागे बारा गाड्या साखळीने घट्ट बांधलेल्या, माणसांनी लगडलेल्या. रस्त्यावर भंडाऱ्याचा थर आणि त्यावर फोडलेल्या नारळांचं पाणी.

गजर झाला, आबांच्या पुतण्याने क्लच सोडला, आणि मागची चाकं जागच्या जागी फिरली. पिवळा चिखल उडाला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा रबर जळाल्याचा वास आला. गजर विरत गेला. भाऊ स्टेजवरून ओरडले, "पेट्रोल जोडा!" स्पीकर बंद करून पेट्रोल जोडली, पालखी तिच्यात हलवली. तिची चाकं जास्त जोरात फिरली, एवढाच फरक. गाड्यांतून लोक उतरू लागले. कोणीतरी म्हातारा म्हणाला, "देव कोपना. भगतले बसाडी ठेवं, मंग काय व्हई?" आणि हळूहळू सगळ्या माना स्टेजकडे वळल्या. "नानानीच वढाले जोयजे" असं आधी एक म्हणाला, मग पन्नास.

नाना उठले. शाल खुर्चीवर ठेवली. अक्का धावत येऊन पायरीशी आडवी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या घट्ट साखळीला तो गुडघा लावला असता तर नाना पुन्हा उभे राहिले नसते, हे तिला आणि मला दोघींना कळत होतं. नानांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग जे केलं ते एकोणीस वर्षांत कधी केलं नव्हतं. त्यांच्या अंगात आलं.

डोळे मिटले, मान घुमू लागली, आवाज घोगरा झाला. "देव भुक्या शे! नैवेद्य लई या!"

गर्दी हात जोडून गुडघ्यांवर.

"काय लावूत देवा?"

"गहू! गावजेवनना गहू! बारा पोता!"

देवाने आधी पुन्हा डिझेलच समोर आणवली, कारण खालचा जोर तिचा, आणि पालखी तिच्यात ठेवायला लावली. वरण-बट्टीसाठी आणलेली गव्हाची पोती धावत आली. एकाने पहिलं पोतं पालखीपुढे ठेवलं तसा देव खेकसला, "तठे नही! मांगला चाकसवर!" पोतं मागे सरकलं. "आखो मांगे! हा, तठे!" बारा पोती अचूक मागच्या धुऱ्यावर बसली. देवाचं एवढ्यावर भागलं नाही. "साखळी छोडा! माले लोखंड चालत नही! मना दोर!" जुने दोर आले. मग गाड्यांना हुकूम झाला की देवाला नमस्कार करून शेवटचीने जागेवर थांबायचं, आणि तिच्यापासून पुढे प्रत्येकीने आपल्या मागच्या गाडीच्या एक पाऊल जवळ, म्हणजे मागे, सरायचं. दोरात ढील घेऊनच त्या उभ्या राहिल्या आणि उतरलेली माणसं पुन्हा चढली. डिझेलही तशीच ढील ठेवून जोडली. शेवटी देव ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, "आन क्लच हळू सोड, गाढवना!" खंडेराव क्लचबद्दल बोलल्याचं हे एकच उदाहरण माझ्या ऐकिवात आहे. एकालाही शंका आली नाही.

गाड्या देवळापर्यंत गेल्या, कुठेही न थांबता. संध्याकाळी आबा पारावर म्हणाले, शेवटी डिझेल ते डिझेल. भाऊ म्हणाले, गहू कोणाच्या शेतातला होता ते विचारा. पुढच्या वर्षापासून गव्हाची बारा पोती आणि एक पाऊल मागे हा यात्रेचा रीतसर विधी झाला. पत्रिकेत छापतात. पोती बरोबर मागच्या धुऱ्यावर का ठेवायची, याला आता प्राचीन परंपरा असं उत्तर आहे.

त्या यात्रेनंतरच्या जूनमध्येच माझी बदली बोदवडला झाली. सामान न्यायला पिकअप आली तेव्हा नाना मुलाकडे सुरतेला गेले होते, त्यामुळे तिच्या खाली कोणी शिरलं नाही. दिवाळीच्या आधी अक्काचा फोन आला, नाना गेले. ती फार रडली नाही. म्हणाली, शेवटपर्यंत रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून दात सांगायचे.

त्यामुळे माझ्यासाठी नाना अजून त्या यात्रेच्या रस्त्यावरच आहेत. पोती रचून झाल्यावर ते स्वतः हौद्यात चढले होते. भगताला देवाशेजारी बसायला कोण अडवणार? पहिल्या बैलगाडीपासून पिकअपला आलेल्या दोराचं लोंबतं टोक त्यांनी उचललं आणि कमरेभोवती एक वेढा घेतला. शपथ रस्त्यावर न उतरण्याची होती, ते रस्त्यावर नव्हते. तोंड मागे, गाड्यांकडे. पोत्याला पाठ लावून दोन्ही पाय त्यांनी हौद्याच्या मागच्या फळक्याला रोवले, तो गुडघासुद्धा. क्लच सुटला. मी अगदी जवळून चालत होते. त्यांचे ओठ हलत होते, बायका म्हणत होत्या, मंत्र म्हणतायत. पहिल्या गाडीला हिसका बसला. "एक," नाना म्हणाले. मग दुसरीला. "दोन." मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, दात आवळलेले, आणि पंचावन्न किलोचा तो माणूस बारा पोत्यांच्या आणि डिझेल इंजिनाच्या जोडीने खरोखर ओढत होता. बाराव्या गाडीचं चाक फिरलं तेव्हा त्यांनी श्वास सोडला, पुढे घरंगळलेली टोपी सारखी केली आणि गर्दीत अक्का कुठे दिसते का ते बघू लागले.